आजोबांची दुनळी आणि नवं काडतूस

रानडुकरांपायी परवान्याची बारा बोर घरात आहे, आजोबांनी घेतलेली बर्मिंगहॅमची दुनळी. तिथं १८१३ पासून कायद्यानं नळ्या तपासून छाप मारतात. आमची काळ्या दारूच्या जमान्यातली. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली नळी, म्हणून अंगावर वेलबुट्टी दिसते. पुढं बिनधुराची दारू आली. तिच्या दाबाला तपासलेल्या नळीवर ‘नायट्रो प्रूफ’ असं कोरलेलं असतं. आमच्या नळीवर ते नाही.

पण खरी फसगत काडतुसाच्या घरात. जुनं घर बहुतेक अडीच इंची, म्हणजे ६५ मिमी. आजचं काडतूस ७० मिमी. ही लांबी बार झाल्यावरची बरं का! तोंड दुमडलेलं असतं, म्हणून नवं काडतूस जुन्या घरात निवांत बसतं. बार झाला की तोंड उघडायला जागा पुरत नाही आणि दाब चढतो.

मीही बसवून बघितलं, ‘बसतंय की’ म्हणून खूश. नशीब, आधी दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं घर मोजलं, छाप बघितला, म्हणाला, “दादा, हिला आता भिंतीवरच ठेवा.”

त्या रात्री पत्र्याचा डबा वाजवून भुईमूग राखला.