मोंताल्चीनो

इटलीच्या टस्कनी विभागातील सिएना प्रांतामधील एक ऐतिहासिक डोंगरी नगर. हे सिएनाच्या दक्षिणेस सु. ४० किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सु. ५६४ मी. उंचीवर वसले आहे. टेकडीच्या सभोवार ओंब्रोने, ऑर्चा व आस्सो या नद्यांची खोरी असून उतारांवर द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा व ओकची राने आहेत. ‘ब्रुनेल्लो’ या तांबड्या मद्यामुळे नगराचे नाव आज जगभर परिचित झाले आहे. तथापि या कीर्तीपूर्वीची सु. तीन शतके नगराने विस्मृतीत काढली, आणि त्याचे जुने रूप टिकले ते बव्हंशी या विस्मृतीमुळेच.

नगराच्या नावाचा संबंध सामान्यतः सदाहरित ओक वृक्षाच्या लॅटिन नावाशी जोडला जातो; नगराच्या मानचिन्हावरही हाच वृक्ष आहे. या स्थळाचा लेखी उल्लेख इ. स. ८१४ पासून आढळतो. त्या वर्षी सम्राट पहिला लुई याने येथील भूमी सान्त आन्तीमो या मठाच्या अधिपतीस दिली. हा मठ नगराच्या दक्षिणेस सु. १० किमी.वर असून त्याचे बाराव्या शतकातील चर्च रोमनेस्क वास्तुशैलीचा उत्कृष्ट नमुना मानले जाते.

रोमकडे जाणाऱ्या यात्रामार्गावर या टेकडीवरून नजर ठेवता येत असल्याने सिएना व फ्लॉरेन्स या प्रतिस्पर्धी नगरराज्यांत तिच्यासाठी दीर्घकाळ संघर्ष झाला. ४ सप्टेंबर १२६० रोजी माँतापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सचा पराभव केला आणि मोंताल्चीनो सिएनाच्या वर्चस्वाखाली आले. युद्ध संपल्यावर उशिरा पोहोचलेल्या येथील लोकांना सिएनाकरांनी मृतांना पुरण्याचे काम दिले, अशी आख्यायिका आहे. सिएनाने १३६१ मध्ये जुन्या तटाचा काही भाग सामावून घेऊन येथे पंचकोनी किल्ला बांधला. पोप दुसरा पायस याने १४६२ मध्ये सान्त आन्तीमोचा मठ बरखास्त केला आणि मोंताल्चीनो व पिएन्त्सा यांचे संयुक्त धर्मप्रांत स्थापन केले.

नगराच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा कालखंड सोळाव्या शतकाच्या मध्यावरील आहे. पवित्र रोमन सम्राट पाचवा चार्ल्स याच्या सैन्याने १५५३ मध्ये नगराला वेढा घातला. परंतु तुर्की आरमाराच्या हालचालींमुळे नेपल्सला धोका निर्माण होताच तो उठवावा लागला. एप्रिल १५५५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर सिएना शरण गेले. तेव्हा शरणागती अमान्य असलेली शेकडो सिएनी कुटुंबे आपले शासन व आपली परंपरा घेऊन या टेकडीवर आली. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री याच्या आश्रयाने त्यांनी येथे ‘मोंताल्चीनो येथील सिएनी प्रजासत्ताक’ चालविले आणि स्वतःची नाणीही पाडली. किल्ल्याचा पाडाव झाला नाही. प्रजासत्ताकाचा शेवट झाला तो तहाच्या मेजावर. १५५९ मधील कातो-कांब्रेझीच्या तहान्वये फ्रान्सने इटलीतील आपले बहुतेक हक्क सोडले आणि त्याच वर्षी नगर कोझीमो दे मेदीची याच्या हाती गेले. मध्ययुगीन नगरराज्यांच्या स्वातंत्र्याचा टस्कनीतील एक अखेरचा दिवा येथे मालवला.

मेदीची सत्तेखाली टेकडीचे लष्करी महत्त्व संपले. नवे वाडे वा रुंद रस्ते बांधण्याइतका पैसा नगरात आला नाही. त्यामुळे तट, अरुंद चढाच्या गल्ल्या आणि उंच, सडपातळ मनोऱ्याचे नगरभवन ही फारशी बदलली नाहीत. आसपासची शेती अर्धेलीने चाले. जमीन व घर मालकाचे, श्रम कुळाचे आणि उत्पन्न सामान्यतः निम्मे निम्मे, अशी ही पद्धत होती. त्या काळी येथील प्रसिद्ध मद्य ‘मोस्कादेल्लो’ हे गोड व पांढरे होते. कवी फ्रांचेस्को रेदी याने १६८५ मधील आपल्या काव्यात त्याचा उल्लेख केला आहे.

एकोणिसाव्या शतकात औषधविक्रेते क्लेमेन्ते सान्ती यांनी तांबड्या मद्यावर प्रयोग केले व १८६९ मध्ये त्यांच्या मद्याला पारितोषिक मिळाले. त्यांचे नातू फेर्रूच्चो ब्योंदी-सान्ती यांनी सांजोव्हेझे द्राक्षाचा निवडक वाण वाढवून, इतर द्राक्षे न मिसळता मद्य तयार केले व ते ओकच्या पिंपांत दीर्घकाळ मुरविले. १८८८ च्या हंगामातील त्यांचे मद्य ब्रुनेल्लोचा आरंभ समजले जाते. पुढे फायलोक्झेरा कीड आणि दोन महायुद्धे यांमुळे ही प्रगती खुंटली. दुसऱ्या महायुद्धानंतर कुळे शहरांकडे गेली. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास बंदी घातली. शेतघरे ओस पडली व लोकसंख्या झपाट्याने घटली.

या उतरत्या काळातच, १९६६ मध्ये, ब्रुनेल्लोला नियंत्रित उत्पत्तिनामाचा दर्जा मिळाला. १९६७ मध्ये उत्पादकांचा संघ स्थापन झाला आणि १९८० मध्ये ब्रुनेल्लोचा समावेश सर्वोच्च श्रेणीत झाला. नियमानुसार हे मद्य केवळ सांजोव्हेझेचेच असावे लागते व हंगामानंतर पाचव्या वर्षाच्या जानेवारीपूर्वी विकता येत नाही. २००८ मध्ये काही मद्यांत अन्य द्राक्षांची भेसळ झाल्याच्या संशयावरून चौकशी सुरू झाली. नियम शिथिल करावा, असाही एक मतप्रवाह होता. परंतु त्याच वर्षी उत्पादकांनी मोठ्या बहुमताने तो कायम ठेवला.

ऑर्चा खोऱ्याच्या भूदृश्याचा २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यात मोंताल्चीनोचाही प्रदेश येतो. शेजारचे सान जोव्हान्नी दास्सो २०१७ मध्ये मोंताल्चीनोच्या नगरपालिकेत विलीन झाले. नगराचे चार विभाग ऑक्टोबरच्या अखेरीस होणाऱ्या उत्सवात धनुर्विद्येच्या स्पर्धेत आजही परस्परांविरुद्ध उतरतात. किल्ल्याच्या तटावरून खोऱ्यांचे विस्तृत दर्शन घडते. समोरच्या उतारांवरील अनेक जुनी शेतघरे आता दुरुस्त होऊन पाहुण्यांसाठी खुली झाली आहेत. मद्याने नगराला पुन्हा समृद्धी दिली. मात्र पिढ्यान्‌पिढ्या या उतारांवर राबलेली बहुसंख्य कुळे ती येण्यापूर्वीच निघून गेली होती. नगराचा इतिहास पाहताना किल्ल्याइतकीच ही शेतघरेही लक्षात घेतली पाहिजेत.