निखारा आणि शेगडी

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या सुमारें ११३० सालच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मांस सळयांत ओंवून निखाऱ्यांवर भाजण्याची कृति आहे. सारखी आंच हेंच या पाकाचें मर्म. पुढें १९८०च्या दशकांत अमेरिकेंत लांकडी भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या मळसूत्रानें आपोआप आगींत सारणारी शेगडी निघाली. तिचाही हेतु तोच. मात्र इंधन लांकूडच. इकडे जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें बेकऱ्यांच्या लांकूड-कोळशाच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सहा महिन्यांची मुदत दिली. म्हणून अंधेरी-घाटकोपरच्या दाट वस्तींत शेगडी घेतांना चकाकीस भुलूं नये. पत्रा जाड आहे काय, झांकण घट्ट बसतें काय, राख सहज निघते काय, आणि धूर शेजाऱ्याच्या खिडकींत जातो काय, हें आधीं पाहावें.