मैदान, वसतिगृहे आणि कर्ज : एका वाढत्या विद्यापीठाचा ताळेबंद

अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्याच्या शुल्कपत्रकावर नजर टाकली, तर शिकवणी शुल्काखाली लहानसहान रकमांची एक यादी दिसते. आरोग्यसेवा, वाहतूक, तंत्रज्ञान यांच्या जोडीला अनेक सरकारी विद्यापीठांत 'क्रीडा शुल्क' अशीही एक नोंद असते. विद्यार्थ्याने जन्मात कधी चेंडूला हात लावलेला नसला तरी हे शुल्क त्याला चुकत नाही. हे शुल्क कशासाठी घेतले जाते आणि त्यातून काय उभे राहते, हे समजून घ्यायचे असेल तर फ्लोरिडा राज्यातील ऑरलँडो येथील युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडा या विद्यापीठाची वाटचाल पाहण्यासारखी आहे. 'यूसीएफ' या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे हे विद्यापीठ साठ वर्षांत शून्यातून वाढून अमेरिकेतील सर्वांत मोठ्या विद्यापीठांच्या पंक्तीत जाऊन बसले. या वाढीत वर्गखोल्यांइतकाच मैदानांचाही वाटा आहे.

अंतराळयुगातील जन्म

फ्लोरिडा विधिमंडळाने १९६३ मध्ये या विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा संमत केला. केप कॅनाव्हरल येथील अंतराळतळाला अभियंते आणि तंत्रज्ञ पुरवणे हा त्यामागील उघड हेतू होता. म्हणूनच संस्थेचे पहिले नाव 'फ्लोरिडा टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी' असे होते. ऑक्टोबर १९६८ मध्ये पहिले वर्ग भरले तेव्हा विद्यार्थ्यांची संख्या जेमतेम दोन हजारांच्या घरात होती. पहिले अध्यक्ष चार्ल्स मिलिकन (हे पद साधारणतः आपल्याकडील कुलगुरूंच्या तोलाचे) यांच्या कारकिर्दीत परिसराची रचना एकात एक गुंफलेल्या वर्तुळांसारखी करण्यात आली. मध्यभागी ग्रंथालय, त्याभोवती शैक्षणिक इमारती आणि त्यापलीकडे रस्ते व वाहनतळ अशी ती आखणी होती. १,४०० एकरांहून अधिक जमीन हाताशी असल्याने जागेची चणचण नव्हती. चणचण होती ती माणसांच्या मुक्कामाची. बहुसंख्य विद्यार्थी मोटारीने येत, तास संपले की मोटारीनेच परतत. सायंकाळनंतर परिसर ओस पडे.

१९७८ मध्ये विद्यापीठाला आजचे नाव मिळाले. त्याच वर्षी अध्यक्षपदी आलेले इतिहासकार ट्रेव्हर कोलबर्न यांनी नव्या नावाला साजेशी ओळख निर्माण करण्यासाठी १९७९ मध्ये फुटबॉल संघ उभा केला. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हातांनी खेळला जाणारा अमेरिकी खेळ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तेथे 'सॉकर' म्हणतात. यूसीएफचा संघ सर्वांत खालच्या, म्हणजे तिसऱ्या विभागातून सुरू झाला आणि पायऱ्या चढत १९९६ मध्ये सर्वोच्च विभागात दाखल झाला.

भाड्याचे मैदान आणि घरचे मैदान

सर्वोच्च विभागात पोहोचूनही संघाला स्वतःचे घर नव्हते. सामने परिसरापासून वीसहून अधिक किलोमीटर दूर, शहराच्या मध्यवस्तीतील 'सिट्रस बोल' या जुन्या स्टेडियममध्ये होत. ते एवढे मोठे होते की काही हजार प्रेक्षक जमले तरी रिकाम्या बाकांचेच दर्शन अधिक घडे. विद्यार्थ्यांना तेथवर नेणे हेही एक काम होते.

१९९२ मध्ये अध्यक्ष झालेले जॉन हिट २०१८ पर्यंत, म्हणजे तब्बल २६ वर्षे त्या पदावर राहिले. मोठेपणा हा दोष नसून बळ आहे, ही त्यांची धारणा होती. त्यांच्या आगमनाच्या वेळी सुमारे २१ हजार असलेली विद्यार्थिसंख्या २००७ पर्यंत ४८ हजारांच्या आसपास गेली आणि २०२० च्या सुमारास तिने ७० हजारांचा टप्पा ओलांडला. स्थानिक महाविद्यालयांतून दोन वर्षांची पदवी घेणाऱ्यांना प्रवेशाची हमी देणारी योजना २००६ मध्ये सुरू झाली. त्यामुळे सामान्य कुटुंबांतील, घरात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या असंख्य मुलांना विद्यापीठाचे दार उघडले. वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी २००९ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये शहराच्या मध्यवस्तीत व्हॅलेन्सिया महाविद्यालयाच्या भागीदारीत स्वतंत्र परिसर उभा राहिला.

या विस्ताराचा दर्शनी भाग मात्र मुख्य परिसराच्या उत्तर टोकाला घडला. मार्च २००६ मध्ये स्टेडियमच्या कामाला प्रारंभ झाला आणि अवघ्या दीड वर्षात, १५ सप्टेंबर २००७ रोजी, तेथे पहिला सामना झाला. सुमारे ४५ हजार आसने आणि साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास खर्च. अमेरिकी मानाने हे काम स्वस्तात आणि झपाट्याने झाले, कारण काँक्रीटऐवजी पोलादी सांगाडा आणि ॲल्युमिनियमचे बाक वापरण्यात आले. हजारो विद्यार्थी एका तालावर उड्या मारू लागले की सांगाडा जाणवण्याइतका हलतो. त्यावरून त्याला 'बाउन्स हाउस', म्हणजे जत्रेत मुलांसाठी उभारतात तसे उड्या मारायचे घर, असे टोपणनाव पडले. पुढे तेच नाव अधिकृत नावातही शिरले.

त्याच सुमारास शेजारी सुमारे दहा हजार आसनांचे बंदिस्त क्रीडागृह, दुकाने व उपाहारगृहे आणि सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांची उंच वसतिगृहे उभी राहिली. स्टेडियम एकटे उभे राहिले असते तर वर्षातून सहा-सात सामन्यांपुरतेच गजबजले असते. वसतिगृहे आणि बाजारपेठ यांच्या सोबतीने ते उभे राहिल्यामुळे त्या भागात बारमाही वस्ती झाली. तास संपताच ओस पडणारे विद्यापीठ राहते झाले, हे या प्रकल्पाचे खरे यश म्हणावे लागेल.

पाण्याविना उद्घाटन

या यशाला उद्घाटनाच्या दिवशीच गालबोट लागले. प्रतिस्पर्धी टेक्सास विद्यापीठाचा बलाढ्य संघ होता. यूसीएफने चिवट झुंज देऊन ३५–३२ असा निसटता पराभव पत्करला. पण त्या दिवसाची चर्चा झाली ती वेगळ्याच कारणाने. फ्लोरिडाच्या सप्टेंबरमधील उकाड्यात हजारो प्रेक्षक बसलेले असताना संपूर्ण स्टेडियममध्ये पिण्याच्या पाण्याचा एकही सार्वजनिक नळ नव्हता. पाणी हवे असेल तर बाटली विकत घ्यावी लागे, आणि त्या बाटल्याही सामना संपण्याआधीच संपल्या. उष्म्याचा त्रास झालेल्या अनेकांवर उपचार करावे लागले, १८ जणांना रुग्णालयात हलवावे लागले. टीकेची झोड उठल्यावर विद्यापीठाने पुढच्या सामन्याला पाण्याच्या बाटल्या मोफत वाटल्या आणि नंतर नळ बसवले. कोट्यवधींच्या आराखड्यात नामफलकापासून अतिथीकक्षांपर्यंत सारे काही होते. तहानेचा विचार तेवढा राहून गेला होता.

त्याहून गंभीर घटना पुढच्याच वर्षी घडली. मार्च २००८ मध्ये सरावसत्रानंतर फुटबॉल संघातील १९ वर्षांचा एक खेळाडू कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. त्याच्या रक्तात सिकलसेलचा गुणधर्म होता. एरवी असे वाहक निरोगी आयुष्य जगतात. मात्र अतिश्रम आणि उष्मा यांच्या संयोगाने त्यांच्या प्राणांवर बेतू शकते. विदर्भात आणि नंदुरबार पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने आपल्याकडील शारीरिक शिक्षकांनी आणि प्रशिक्षकांनीही ही बाब ध्यानात ठेवावयास हवी. २०१० मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने सर्वोच्च विभागातील खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम केला. अन्य विद्यापीठांतील अशा मृत्यूंचीही त्यास पार्श्वभूमी होती.

मृत खेळाडूच्या पालकांनी न्यायालयात धाव घेतली. २०११ मध्ये ज्युरीने त्यांना एक कोटी डॉलरची भरपाई देऊ केली. तेथे प्रश्न उपस्थित झाला तो वेगळाच. विद्यापीठाचा क्रीडा विभाग कागदोपत्री एक स्वतंत्र, ना-नफा संस्था आहे. मग ती खासगी की सरकारी? फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्णय दिला की विद्यापीठाचे तिच्यावर पुरेसे नियंत्रण असल्याने तिला राज्यसंस्थेचे मर्यादित कायदेशीर संरक्षण लागू होते. परिणामी भरपाई दोन लाख डॉलरच्या मर्यादेत आली.

स्वतंत्र संस्थांचे गणित

अशा स्वतंत्र संस्था हे या विस्तारामागचे महत्त्वाचे साधन आहे. राज्य सरकार वर्गखोल्या आणि प्रयोगशाळांसाठी निधी देते, स्टेडियमसाठी सहसा नाही. म्हणून विद्यापीठाच्या छत्राखाली स्वतंत्र महामंडळे स्थापन होतात. ती रोखे विकून कर्ज उभारतात आणि तिकिटे, नामकरणाचे हक्क, देणग्या, वसतिगृहाचे भाडे यांतून त्याची फेड करतात. यूसीएफच्या स्टेडियमला पहिले नाव मिळाले ते ब्राइट हाउस नेटवर्क्स या केबल कंपनीचे. त्यानंतर प्रायोजकांनुसार ते अनेकदा बदलले.

क्रीडा विभागाच्या दैनंदिन खर्चाचा मोठा आधार मात्र विद्यार्थीच असतो. यूसीएफमध्ये गेले दशकभर प्रत्येक क्रेडिटमागे सुमारे १४ डॉलर क्रीडा शुल्क आकारले जात आले आहे. पदवीसाठी १२० क्रेडिट लागतात, म्हणजे पदवी हाती पडेपर्यंत एक विद्यार्थी सुमारे १,७०० डॉलर क्रीडा विभागाला देतो. बदल्यात सामन्यांची विद्यार्थी-तिकिटे मिळतात. परंतु रात्रपाळीची नोकरी करून शिकणाऱ्याला किंवा घरबसल्या संगणकावर अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला त्या तिकिटांचा उपयोग काय, हा प्रश्न अमेरिकेत वारंवार विचारला जातो.

निधीच्या वर्गवारीकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचा धडाही याच विद्यापीठाने घेतला. २०१८ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षणात उघड झाले की ट्रेव्हर कोलबर्न यांचे नाव दिलेली नवी शैक्षणिक इमारत अध्यापनादी चालू खर्चासाठी असलेल्या शिल्लक निधीतून बांधण्यात आली होती. ही रक्कम ३ कोटी ८० लाख डॉलर होती आणि त्या निधीतून नवे बांधकाम करण्यास नियमाने मनाई होती. पैसा कोणाच्या खिशात गेला नव्हता, इमारतही विद्यार्थ्यांच्याच उपयोगाची होती. तरीही वित्त विभागाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले, विधिमंडळाने चौकशी केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये हिट यांचे उत्तराधिकारी डेल व्हिटेकर यांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. हेतू चांगला असला तरी सार्वजनिक पैशाचा कप्पा बदलता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

लाभ कोणाला?

मैदानावर या गुंतवणुकीचे फळ चढउतारांनीच मिळाले. २०१५ च्या हंगामात संघाने बाराच्या बारा सामने गमावले. दोनच वर्षांनी, २०१७ च्या हंगामात, तोच संघ तेरापैकी तेरा सामने जिंकून अपराजित राहिला. १ जानेवारी २०१८ रोजी त्याने ऑबर्नसारख्या मातब्बर संघाला ३४–२७ असे नमवले. या कामगिरीची भर पडूनच १ जुलै २०२३ रोजी यूसीएफला 'बिग ट्वेल्व्ह' या देशातील आघाडीच्या स्पर्धागटात प्रवेश मिळाला. त्यापाठोपाठ विस्ताराची नवी फेरी सुरू झाली. स्टेडियमच्या कामासाठी ऑरेंज काउंटीने पर्यटन करातून ९ कोटी डॉलर देण्याचे ठरवले. हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांकडून हा कर वसूल होतो, त्यामुळे विद्यार्थ्यांवर थेट बोजा पडत नाही. मात्र आणखी एक नवा खर्च पुढे आला आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना उत्पन्नातील वाटा थेट देऊ शकतात. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. इमारतींसाठी जमवलेल्या पैशांत यापुढे माणसेही वाटेकरी असतील.

क्रीडासुविधांचा विचार करताना एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. स्टेडियममध्ये शंभरेक खेळाडू खेळतात आणि हजारो विद्यार्थी पाहतात. व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, मोकळी मैदाने येथे मात्र विद्यार्थी स्वतः खेळतात. यूसीएफमध्ये या दुसऱ्या प्रकारच्या सुविधाही आहेत. विद्यार्थ्यांसाठीचे स्वतंत्र व्यायाम व आरोग्य केंद्र तेथे स्टेडियमच्याही आधीपासून आहे. बातम्यांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो. विद्यार्थ्याच्या प्रकृतीवर आणि दिनक्रमावर होणारा परिणाम मोजायचा झाला तर अशाच सुविधांचे पारडे जड भरेल.

खेळामुळे या विद्यापीठाला नाव मिळाले, परिसराला जाग आली आणि माजी विद्यार्थ्यांना परत येण्याचे निमित्त मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु विस्ताराची कोणतीही योजना तपासताना आसनसंख्येच्या आधी तीन प्रश्न विचारले जावेत : कर्जाची फेड कोण करणार, दररोज वापर कोण करणार आणि मैदानात उतरणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोणावर? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पायाभरणीच्या दिवशीच कागदावर असतील, तर इमारत कितीही साधी असली तरी ती विद्यार्थ्यांची ठरेल.