तंबोऱ्याची कांती

पळस, बोर व कोशिंब हे वृक्ष शहापूर-मुरबाडकरांच्या इतक्या परिचयाचे आहेत की, त्यांकडे कोणी मुद्दाम वळून पाहत नाही. परंतु याच जातींच्या वृक्षांच्या डहाळ्यांवर लाखेचा किडा वाढतो, आणि त्याने स्वतःभोवती निर्मिलेले कवच म्हणजेच लाख होय. वारणावतातील लाक्षागृह सर्वांस ठाऊक आहे. या ज्वालाग्राही द्रव्याने आपल्या वाद्यांची केलेली सेवा मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

कच्ची लाख धुतली असता तांबडा रंग निघतो. पूर्वी स्त्रियांचा आळता त्याचाच होत असे. १८५६ साली इंग्लंडात पर्किन याने कृत्रिम रंग शोधला आणि पुढे लाखेच्या रंगाची पेठ बसली. लाख तेवढी टिकली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धनांच्या मिरजेत, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. संस्थानी तलवारींचे दिवस संपले होते; हाताचे कसब तेवढे उरले होते! भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तूण वृक्षाच्या लाकडाची. ते घासून गुळगुळीत करावयाचे, रंग द्यावयाचा, आणि स्पिरिटात विरघळविलेली चपडा लाख कापडी बोळ्याने पुनःपुन्हा चोळावयाची. प्रत्येक हात कागदाहूनही पातळ असावा लागतो. जाड लेपाने तबकडीचे कंपन दबते आणि स्वर मंदावतो. म्हणूनच ही केवळ शोभा नव्हे. याच मिरजेत वास्तव्य केलेले अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांचा कंठ ज्या ध्वनिमुद्रिकांत साठविला गेला, त्याही लाखेच्याच होत्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्याकडील भजनी मंडळांच्या वीणांवर मात्र हल्ली चकचकीत तैलरंग फासलेला दिसतो. उत्सवापूर्वी वाद्य नवे दिसावे हा हेतू चांगला. पण आजोबांच्या हातची वीणा त्यामुळे मुकी होते. लाखेचा मोठा गुण असा की, नवा हात देताना स्पिरिटाने जुना थर किंचित विरघळतो व दोन्ही एकजीव होतात. त्यामुळे ओरखडा पडला तरी सारे खरवडण्याचे कारण नाही. जाणत्या कारागिराकडून तेवढीच जागा दुरुस्त होते. फक्त हे काम आपल्याकडच्या पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक धरते. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की वाद्य कारागिराकडे न्यावे.