पाचव्या ॲव्हेन्यूवरचा शिंपी

न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, सेंट्रल पार्कच्या कोपऱ्याशी, पांढऱ्या संगमरवराची एक देखणी इमारत उभी आहे. बर्गडॉर्फ गुडमन हे त्या दुकानाचं नाव. पर्स, पादत्राणं, अत्तरं, दागिने, मोठमोठ्या नावांचे पोशाख असं सारं तिथे मिळतं, आणि किमती अशा की सर्वसामान्य अमेरिकन माणूससुद्धा बाहेरच्या काचांमधली सजावट पाहूनच समाधान मानतो. पण हे दुकान जन्माला आलं ते शिंप्याचं दुकान म्हणून, आणि पुढची सत्तर वर्षं त्यानं आपलं शिंपीपण सोडलं नाही.

हर्मन बर्गडॉर्फ हा फ्रान्स आणि जर्मनी यांच्यातल्या कायमच्या भांडणाचा विषय असलेल्या अल्सेस प्रांतातून आलेला कारागीर. १८९९ साली त्यानं न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटलं. त्या काळात स्त्रिया सायकलवर बसू लागल्या होत्या, नोकरीसाठी बाहेर पडू लागल्या होत्या. झालरींच्या घोळदार झग्यात हे कसं जमणार? म्हणून पुरुषांच्या कोटासारखं नेटकं बेतलेलं जाकीट आणि त्याला साजेसा स्कर्ट अशी नवी मागणी आली होती. बर्गडॉर्फचा हात त्यातच बसलेला होता. त्याच्याकडे उमेदवारीला आलेला एडविन गुडमन हा तरुण १९०१ मध्ये भागीदार झाला. बर्गडॉर्फ आपला हिस्सा विकून पॅरिसला निघून गेला. नाव मात्र दोघांचं राहिलं.

आता मापाचे कपडे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चोळीसाठी शिंप्याकडे चार खेपा घातलेली पिढी अजून आपल्या घरात आहे. पण अशा उंची सलूनमधला प्रकार जरा निराळा. गिऱ्हाईक बाईंच्या अंगाची सगळी मापं घ्यायची आणि त्या मापाचा, हवा तिथे कापूस भरून फुगवलेला, एक पुतळाच करून ठेवायचा. आधी मांजरपाटासारख्या साध्या कापडात पोशाख कापून टाचायचा, तो बाईंच्या अंगावर चढवून टाचण्यांनी हवा तसा बसवायचा, मग पुन्हा उसवायचा. खऱ्या रेशमाला कात्री लागायची ती यानंतर. एकेका पोशाखाला अनेक आठवडे आणि कित्येक हात लागत. ही शिवणघरं दुकानाच्याच वरच्या मजल्यांवर असत.

एवढा खटाटोप सुरू असतानाच गुडमननं १९१४ मध्ये तयार कपडे ठेवायला सुरुवात केली. त्याच्या दर्जाच्या शिंप्यानं असं करणं तेव्हा धाडसाचंच होतं. तयार कपडा म्हणजे स्वस्तातला, घाऊक माल, ही समजूत सर्वत्र होती. शिवाय त्या धंद्याची एक काळी बाजू साऱ्या शहरानं नुकतीच पाहिली होती. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल कारखान्याला आग लागली. बायकांचे तयार ब्लाऊज शिवणाऱ्या त्या कारखान्यात दाराला कुलूप होतं. १४६ जीव गेले, त्यांत बहुतेक स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुण मुली होत्या. उंची सलूनमधल्या कारागिराचं जिणं फार सुखाचं होतं असं नव्हे. पण एकाच शहरात, एकाच सुईदोऱ्याच्या धंद्यात, केवढं हे अंतर! गुडमनचं म्हणणं असं की, तयार कपडासुद्धा चांगल्या कापडाचा आणि चांगल्या बेताचा असू शकतो. गिऱ्हाइकांनी त्याला साथ दिली.

१९२८ मध्ये दुकान आजच्या जागी आलं. तिथे पूर्वी कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट या धनाढ्याचा वाडा होता, न्यूयॉर्क शहरात एका कुटुंबासाठी बांधलेलं सर्वांत मोठं घर. वाडा पाडला, त्याचं लोखंडी फाटक तेवढं सेंट्रल पार्कमधल्या एका बागेला लावलं. नव्या इमारतीच्या माथ्यावर गुडमन कुटुंब राहायला गेलं. याची एक गंमत सांगतात. ज्या इमारतीत कपडे शिवण्याचं काम चालतं, तिथे पहारेकऱ्याखेरीज कुणी राहू नये असा नियम होता. तेव्हा कागदोपत्री मालकच पहारेकरी झाले!

सलूनची सूत्रं दीर्घकाळ एथेल फ्रँकाऊ या बाईंकडे होती. त्या काळी अमेरिकी दुकानं पॅरिसला जाऊन तिथले नमुने विकत घेत आणि हक्कासकट त्यांच्या नकला इथे शिवून देत. याला कुणी उसनवारी म्हणेल, पण नमुना फ्रेंच असला तरी तो न्यूयॉर्कच्या बाईच्या अंगावर बसवणं हे कसब इथलंच होतं. १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती गेलं, नमुने बंद झाले आणि अमेरिकी वेशकारांना स्वतःच्या डोक्यानं चालावं लागलं. माझ्या मते त्यांचं भलंच झालं.

या सलूनचा सर्वांत गाजलेला पोशाख २० जानेवारी १९६१ च्या रात्रीचा. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या शपथविधीनंतरच्या नृत्यसमारंभात जॅकलीन केनेडी शुभ्र रेशमी गाऊन आणि पायघोळ केप घालून आल्या. कल्पना आणि रेखाटनं त्यांची स्वतःची, शिवण बर्गडॉर्फची. पारदर्शक शिफॉनखाली चंदेरी कशिदा झळकत होता. आज तो गाऊन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. त्याच्याबरोबर जॅकलीनबाईंचं नाव घेतलं जातं, फ्रँकाऊंचं घेतलं जातं. ज्यांनी तो कशिदा भरला त्या बायकांचं कुणी घेत नाही. त्याच दिवशी सकाळी त्यांच्या डोक्यावर असलेली डबीसारखी टोपीही बर्गडॉर्फचीच, हॅल्स्टन या तरुण टोपीकारानं केलेली. वाऱ्यात सावरताना तिला पोचा पडला आणि फोटो पाहून बायका मुद्दाम पोचा पाडून टोप्या घालू लागल्या, असं हॅल्स्टन सांगत असे. १९६८ मध्ये त्यानं स्वतःचा व्यवसाय मांडला आणि पुढे तो कपड्यांच्या दुनियेत फार मोठा झाला.

सलूनला मात्र ते दशक मानवलं नाही. तोकड्या स्कर्टच्या जमान्यात चार वेळा फिटिंगला यायला वेळ कुणाला? पॅरिसचे बडे वेशकारही तयार कपडे विकू लागले होते. मजुरी वाढली आणि हातशिलाईत मुरलेली माणसं मिळेनाशी झाली. १९६९ मध्ये मापाचे कपडे शिवणारं सलून बंद झालं. ज्या तयार कपड्याला एडविन गुडमननं दारातून आत घेतलं होतं, त्यानंच अखेर घर ताब्यात घेतलं.

एडविन १९५३ मध्येच वारले होते. मुलगा अँड्र्यू यानं १९७२ मध्ये दुकान एका मोठ्या कंपनीला विकलं. त्यानंतर मालकी फिरत राहिली. २०२४ च्या डिसेंबरात तर ते जुन्या स्पर्धक सॅक्सच्या गोटात गेलं. अँड्र्यूनं विकलं ते दुकान. इमारत त्यानं कुटुंबाकडेच ठेवली, आणि परक्याच्या झालेल्या त्या दुकानाच्या डोक्यावरच्या घरात तो पुढेही राहत होता. १९९३ मध्ये तो वारला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)