रेमाँ पुलिदोर : पिवळ्या जर्सीविना लोकप्रिय ठरलेले सायकलपटू

फ्रान्सचे ख्यातनाम व्यावसायिक सायकलपटू रेमाँ पुलिदोर (१५ एप्रिल १९३६ – १३ नोव्हेंबर २०१९) यांनी टूर द फ्रान्स शर्यतीत ८ वेळा पहिल्या तिघांत स्थान मिळवले. हा विक्रम नावावर असूनही त्यांना ही शर्यत एकदाही जिंकता आली नाही. आघाडीवर असणाऱ्या स्पर्धकास मिळणारी पिवळी जर्सी तर त्यांना एका दिवसासाठीही लाभली नाही.

मध्य फ्रान्समध्ये दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अल्जीरियातील लष्करी सेवेनंतर १९६० मध्ये ते मर्सिए संघात दाखल झाले आणि १९७७ मधील निवृत्तीपर्यंत त्याच संघाकडून खेळले. १९६१ मध्ये त्यांनी मिलान–सान रेमो शर्यत व फ्रान्सचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. १९६४ मध्ये स्पेनची व्हुएल्टा, तर १९७२ व १९७३ मध्ये पॅरिस–नीस शर्यत त्यांनी जिंकली.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत चुरशीची लढत १९६४ च्या टूरमध्ये झाली. मोनॅको येथील टप्प्यात एक फेरी शिल्लक असतानाच, टप्पा संपला असे समजून त्यांनी अंतिम मुसंडी मारली. हा टप्पा व त्यासोबतची एका मिनिटाची वेळसवलत प्रतिस्पर्धी जाक आंकेतिल यांना मिळाली. पुढे १२ जुलै रोजी प्वी द दोम या ज्वालामुखी पर्वताच्या चढावर दोघे एकमेकांना खेटून झुंजले. अखेरच्या टप्प्यात पुलिदोर यांनी ४२ सेकंद भरून काढले. तरीही आंकेतिल यांची आघाडी १४ सेकंदांनी टिकून राहिली. पॅरिसमध्ये हे अंतर ५५ सेकंदांचे झाले, म्हणजे मोनॅकोत गमावलेल्या सवलतीहूनही कमी.

१९६५ मध्ये फेलिचे जिमोंदी आणि १९७४ मध्ये एडी मर्क्स यांच्यामागे ते पुन्हा दुसरे आले. १९७६ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी तिसरा क्रमांक मिळवला. ‘सदैव दुसरा’ अशी त्यांची ओळख झाली. मात्र पाच वेळा टूर जिंकणाऱ्या आंकेतिल यांच्यापेक्षा सामान्य फ्रेंच प्रेक्षकांनी अधिक प्रेम केले ते ‘पुपू’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुलिदोर यांच्यावरच.

त्यांच्या निधनानंतर, २७ जून २०२१ रोजी त्यांच्या कन्येचे पुत्र, नेदरलँड्सचे सायकलपटू मात्यू व्हान डर पूल यांनी टूरचा दुसरा टप्पा जिंकून पिवळी जर्सी मिळवली. आजोबांना १४ वेळा सहभागी होऊनही न लाभलेला हा मान नातवाने पदार्पणातच मिळवला व सलग ६ दिवस राखला.