बाप, पण नातें नाहीं

१ जानेवारी १९०० रोजीं जर्मनींत नवी दिवाणी संहिता अमलांत आली. अनौरस मूल व त्याचा पिता हे एकमेकांचे नातलग नव्हत, अशा आशयाचें एक लहानसें वाक्य तिच्या १५८९ व्या कलमांत होतें. रक्ताचा संबंध कायद्याला ठाऊक नव्हता असें मात्र नव्हे. त्याच संहितेच्या १७०८ व्या कलमानें त्याच पित्यावर, मूल सोळा वर्षांचें होईपर्यंत, त्याच्या पोषणाचा, शिक्षणाचा व धंद्याच्या तयारीचा खर्च लादला होता. पैसे द्यावयास तो बाप होता. मुलाला कोणत्या शाळेंत घालावें हें ठरवितांना परका. आणि खर्चाचें मान त्याच्या ऐपतीवर नव्हे, तर आईच्या दर्जावर ठरे. कारखानदाराचें मूल मोलकरणीच्या पोटीं आलें, तर तें मोलकरणीच्या इतमामानेंच वाढावयाचें.

ही व्यवस्था आईच्या कैवाराची होती म्हणावें, तर तेंहि खरें नाहीं. मुलाचा सांभाळ तिनें करावयाचा, पण कायदेशीर पालक निराळाच नेमावयाचा, अशी रीत होती. १९२२ च्या बालकल्याण कायद्यानें तें काम मुलाच्या जन्माबरोबरच सरकारी कचेरीकडे जाऊं लागलें.

१९१९ च्या वायमार राज्यघटनेनें अशा मुलांना औरस मुलांच्या बरोबरीची संधि देण्याचें वचन दिलें. १९४९ च्या घटनेनें तें पुन्हां दिलें. परंतु पश्चिम जर्मनीचें विधिमंडळ वीस वर्षें स्वस्थ बसलें. अखेर जानेवारी १९६९ मध्यें घटना-न्यायालयानें तंबी दिली कीं, चालू विधिमंडळाच्या मुदतींत कायदा न झाल्यास न्यायालयेंच घटनेचें वचन अमलांत आणतील. कायदा त्याच वर्षीं झाला, आणि १ जुलै १९७० पासून बाप व मूल हीं एकमेकांचीं नातलग ठरलीं.

नातें मिळालें, अधिकार नाहीं. १ जुलै १९९८ पासून अविवाहित आईबापांना संयुक्त पालकत्व घेतां येऊं लागलें खरें, पण दोघांनीं तसें लेखी निवेदन केलें तरच. आई नाहीं म्हणाली कीं प्रकरण संपलें. तिचा नकार मुलाच्या हिताचा आहे कीं नाहीं, हें तपासण्याची मुभा न्यायाधीशालाहि नव्हती. जर्मनींत ही गोष्ट लहानसहान नाहीं. तेथील बहुतेक प्रांतांत चौथी इयत्ता संपतांच, म्हणजे दहाव्या वर्षाच्या सुमारास, मूल विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियममध्यें जाणार कीं दुसऱ्या शाळेंत, हें ठरूं लागतें. ज्या बापानें रोज शेजारीं बसून अभ्यास घेतला, त्याचें मत ह्या घडीला विचारण्यास कोणीहि बांधलेलें नव्हतें.

असाच एक बाप होता. मुलगी १९९५ सालीं जन्मली, आईबापांचा संबंध १९९८ मध्यें तुटला, आणि जानेवारी २००१ पर्यंत मुलगी बापाजवळ राहिली. पुढें ती आईकडे गेली. बापानें संयुक्त पालकत्व मागितलें, आईनें नाकारलें. कोलोनच्या न्यायालयांनीं २००३ मध्यें कायद्याकडे बोट दाखवून त्याला परत पाठविलें. तेव्हां तो स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयांत गेला. ३ डिसेंबर २००९ रोजीं सहा विरुद्ध एक अशा मतांनीं निकाल त्याच्या बाजूनें लागला. घटस्फोटित बापाला जी न्यायालयीन चौकशी मिळते ती ह्याला न मिळणें हा भेदभाव ठरला. मुलगी तोंवर सुमारें चौदा वर्षांची झाली होती. दहाव्या वर्षाचा तो टप्पा केव्हांच मागें पडला होता.

कायद्याच्या संशयास अगदींच आधार नव्हता, असेंहि नाहीं. आईचा त्या सुमारास दुसऱ्या पुरुषाशींहि संबंध होता, एवढें दाखवून खर्चांतून सुटण्याची पळवाट जुन्या संहितेनेंच ठेविली होती. अशा बापांच्या हातीं मुलाची शाळा कोण देईल?

२१ जुलै २०१० रोजीं जर्मन घटना-न्यायालयानेंहि तो नियम घटनाबाह्य ठरविला, व १९ मे २०१३ पासून नवा कायदा लागू झाला. लग्न वा संयुक्त निवेदन नसेल, तर पालकत्व आजहि जन्मतः आईकडेच येतें. परंतु बापाला न्यायालयाचें दार उघडें आहे. आईनें विरोधाचें कारण दाखविलें नाहीं व दुसरेंहि दिसलें नाहीं, तर संयुक्त पालकत्व मुलाच्या हिताआड येत नाहीं असें गृहीत धरतात. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे मात्र तिच्याकडून उत्तर मागतां येत नाहीं; हा विवेक वाखाणण्याजोगा आहे. संयुक्त पालकत्वांत रोजचे बारीकसारीक निर्णय ज्याच्या घरीं मूल राहतें त्यानें घ्यावयाचे, शाळेची निवड दोघांच्या संमतीनें करावयाची. एकमत न झाल्यास न्यायाधीश स्वतः शाळा निवडीत नाहीं; ती निवडण्याचा अधिकार दोघांपैकीं एकाला देतो.